सतराव्या किलोमीटरवरचा हिशेब : धावताना आलेल्या उष्माघाताचे एक प्रकरण

३४ वर्षांचा पुरुष, वजन ७२ किलो, तीन वर्षांपासून नियमित धावणारा. २१.१ किलोमीटरची शर्यत, सकाळी साडेसहाची सुरुवात. साडेसतराव्या किलोमीटरवर, ७ वाजून ५६ मिनिटांनी तो कोसळला. गुदाशयातून मोजलेले तापमान ४१.३ अंश सेल्सिअस. बर्फाच्या पाण्यात १३ मिनिटे बुडवून ठेवल्यावर ३८.९. दोन रात्री रुग्णालयात, मग घरी. कायमची इजा नाही.

हा धावपटू अभ्यासासाठी उभा केलेला आहे. एखाद्या खऱ्या रुग्णाची ही नोंद नव्हे. त्याच्या अंगात जे घडले ते मात्र शरीरक्रियाशास्त्रात रोजचे आहे, आणि ते वॉट, किलोज्यूल आणि मिनिटांत मांडून तपासता येते. असे प्रकरण निवडण्यामागे एक हेतू आहे. उष्माघात झाला की ‘शरीराचा थर्मोस्टॅट बिघडला’ असे सर्रास म्हटले जाते. इथे शेवटच्या काही मिनिटांपर्यंत काहीच बिघडले नव्हते. मेंदू, रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी, सगळ्यांचे काम चोख चालले होते. उष्णतेची आवक जावकेपेक्षा जास्त होती, आणि ती तशी अर्ध्या तासाहून अधिक वेळ राहिली.

शर्यतीआधी

चार दिवसांपूर्वी त्याला सर्दी आणि एक दिवस बारीक ताप होता. ताप उतरला, नाक वाहायचे थांबले नाही, म्हणून आदल्या रात्री आणि शर्यतीच्या पहाटे पाच वाजता त्याने क्लोरफेनिरामिनची ४ मिलिग्रॅमची एकेक गोळी घेतली. झोप जेमतेम चार तास. महिनाभराचा सराव सगळा संध्याकाळचा आणि थंड हवेतला. शर्यतीच्या आठवड्यात हवा अचानक तापली.

सुरुवातीच्या रेषेवर तापमान २६ अंश, सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के. आठच्या सुमारास २९ अंश आणि ७६ टक्के, वर ऊन. आर्द्रतेचा आकडा खाली आला म्हणजे हवा कोरडी झाली, असे वाटणे साहजिक आहे. ते खरे नव्हे. हवेतल्या प्रत्यक्ष बाष्पाचा दाब साडेसहाला सुमारे २.८६ किलोपास्कल होता, आठला ३.०४ झाला. गरम हवेत बाष्प मावण्याची क्षमता वाढते म्हणून टक्केवारी घसरते. घामाला मात्र टक्केवारीशी देणेघेणे नसते. त्वचेवरचा बाष्पदाब आणि हवेतला बाष्पदाब यांच्यातल्या फरकावरच त्याचे वाळणे ठरते.

आयोजकांनी मोजमाप एकदाच, सुरुवातीला घेतले. ओला बल्ब, काळा गोल आणि कोरडा बल्ब या तीन तापमापकांच्या वाचनांना अनुक्रमे ०.७, ०.२ आणि ०.१ ने गुणून जो निर्देशांक काढतात, तो तेव्हा साधारण २४.६ होता. आठ वाजता काळा गोल ३६ अंश दाखवत असेल, तर तोच निर्देशांक २८ च्या घरात जातो. लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी दीर्घकाळ वापरात असलेल्या एका मापदंडात २३ ते २८ हा मोठ्या जोखमीचा पट्टा आहे आणि २८ च्या वर शर्यत रद्द करण्याची शिफारस आहे. म्हणजे जे धावपटू दीड तासात संपवणार नव्हते, त्यांची शर्यत नोंदीतल्या आकड्यापेक्षा वेगळ्या हवेत संपत होती.

आवक : एका इस्त्रीएवढी

धावण्याला येणारा ऊर्जाखर्च लक्षात ठेवायला सोपा आहे : दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला सुमारे १ किलोकॅलरी. ७२ किलोंसाठी एका किलोमीटरला ७२ किलोकॅलरी, म्हणजे ३०१ किलोज्यूल. किलोमीटरला पाच मिनिटे या वेगाने भागले की ताशी १२ किलोमीटरला जवळपास १००० वॉट. सपाट रस्त्यावर स्नायूंनी केलेले यांत्रिक काम पुढच्याच पावलाला पुन्हा शरीरात मुरते, त्यामुळे हा आकडा जवळजवळ पूर्ण उष्णतेचाच धरावा. स्वस्थ बसलेला माणूस ८० ते १०० वॉट देतो. धावणाऱ्याच्या अंगात एक चालू इस्त्री असते, आणि ती दीड तास बंद होत नाही.

ही उष्णता बाहेर पडलीच नाही तर? शरीराच्या एका किलोला एका अंशाने तापवायला सुमारे ३.४७ किलोज्यूल लागतात. ७२ किलोंना २५०. हजार वॉटच्या भट्टीवर २५० किलोज्यूल जमायला चार मिनिटे दहा सेकंद पुरतात. म्हणजे जावक पूर्ण थांबली असती तर ३७ वरून ४१ वर जायला वीस मिनिटेही लागली नसती. धावणारी माणसे रोज हे करून सुखरूप घरी जातात, यातच जावकेची बाजू किती समर्थ आहे ते दिसते.

जावक आणि तिची कमाल मर्यादा

मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात उष्णता ओळखणाऱ्या चेतापेशी आहेत. रक्त थोडे तापले की त्यांचे विद्युत संदेश वाढतात. त्वचेतूनही सतत बातमी येत असते. त्वचेतल्या चेतातंतूंवर उष्ण आणि गार ओळखणारे वेगवेगळे प्रथिनांचे दरवाजे आहेत. ते शोधून काढण्याच्या कामाला, स्पर्श जाणणाऱ्या दरवाजांच्या शोधासोबत, २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक डेव्हिड ज्युलिअस आणि आर्डेम पटापुटियन यांना मिळाले.

तापमान वाढल्याचे कळले की हायपोथॅलॅमस आधी त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतो. रक्त आतली उष्णता उचलून कातडीपाशी आणते. आरामात असताना त्वचेकडे मिनिटाला पाव ते अर्धा लिटर रक्त जाते; नुसते गरम खोलीत बसवलेल्या माणसात ते सहा ते आठ लिटरपर्यंत चढू शकते. धावताना मात्र त्याच रक्तावर मांड्या-पोटऱ्यांचाही हक्क असतो. दोघांना पुरवण्यासाठी शरीर आतडी आणि मूत्रपिंडांचा वाटा कापते. ही काटकसर पुढे महागात पडते.

दुसरे साधन घाम. दोन ते चार दशलक्ष ग्रंथी, आणि त्यांना हुकूम देणारे चेतातंतू सिंपथेटिक (शरीराला धावपळीसाठी सज्ज करणाऱ्या) गटातले असूनही निरोप अ‍ॅसिटिलकोलीनने देतात, जे निरोप्या रसायन त्या गटात अपवादानेच आढळते. त्यामुळे अ‍ॅसिटिलकोलीनला अडवणारी औषधे घाम कमी करतात. क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या पिढीतल्या सर्दीच्या गोळ्यांत हा गुण थोडाफार असतो. या प्रकरणात गोळीला मुख्य आरोपी करणे मात्र चुकीचे ठरेल, कारण धावपटूच्या अंगावरून घाम निथळत होता. घाम कमी पडला नाही. वाळायला जागा नव्हती.

एक ग्रॅम घाम त्वचेवर वाळताना सुमारे २.४३ किलोज्यूल घेऊन जातो. तासाला एक लिटर पूर्ण वाळला तर ६७५ वॉट. ‘पूर्ण वाळला तर’ या तीन शब्दांवर सगळे अवलंबून आहे. हनुवटीवरून टपकलेला थेंब शरीरातले पाणी आणि मीठ नेतो, उष्णता जवळपास काहीच नेत नाही.

घाम किती वेगाने वाळेल याला हवा कमाल मर्यादा घालते, आणि ती दोन गोष्टींवर ठरते : बाष्पदाबातला फरक आणि अंगावरून वाहणारा वारा. ३४ अंशांच्या ओल्या त्वचेवर बाष्पदाब ५.३ किलोपास्कल असतो; हवेत ३.०४ असेल तर फरक उरतो सुमारे २.३. हवा ४० अंशांची पण फक्त २० टक्के आर्द्रतेची असती, तर हवेतला दाब १.५ च्या आसपास राहिला असता आणि फरक ३.८ झाला असता. कोरड्या उन्हाळ्यापेक्षा ढगाळ, दमट सकाळ धावणाऱ्याला घातक ठरू शकते ती यामुळे. १७७४ साली लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन आणि त्याचे सहकारी १०० अंशांहून कितीतरी जास्त तापलेल्या कोरड्या खोलीत काही मिनिटे थांबून धडधाकट बाहेर आले. त्याच हवेत ठेवलेले मांस शिजून गेले. त्या खोलीत भरपूर वाफ असती, तर आत गेलेल्यांनाही तो प्रयोग झेपला नसता.

पहिले अकरा किलोमीटर : सगळे ठीक

सुरुवातीच्या दहा मिनिटांत तापमान भराभर वाढते, कारण उष्णतेचे उत्पादन पहिल्या पावलापासून पूर्ण असते आणि घामाला जोर धरायला वेळ लागतो. नंतर आलेख सपाट होऊ लागतो. या धावपटूला पाच मिनिटांच्या वेगाने अकरा किलोमीटरला ५५ मिनिटे लागली आणि हिशेबाने तोवर त्याचे गाभ्याचे तापमान ३९.२ च्या आसपास पोचले असावे. हा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही. जोरात धावणाऱ्या निरोगी माणसात ३९ अंश ही नेहमीची बाब आहे आणि पुष्कळ जण त्याच पातळीवर स्थिर राहून शर्यत संपवतात.

वारा समोरून होता. स्वतःच्या धावण्याने सेकंदाला ३.३ मीटर आणि त्यात समोरचा वारा, असा मिळून अंगावर चांगला झोत येत होता. तेवढ्या झोतात त्याच्या जवळपास १.९ चौरस मीटर त्वचेवरून घाम वाळण्याची मर्यादा गरजेपेक्षा बरीच वर होती. तो ताशी सुमारे १.४ लिटर घाम गाळत होता, आणि त्यातला बराचसा वाळत होता.

वळणानंतर

अकराव्या किलोमीटरला मार्ग उलटा फिरतो. वारा आता पाठीमागून, सेकंदाला अडीच मीटरच्या आसपास. धावपटू ३.५ ने पळतो आहे, म्हणजे अंगाला लागणारा वारा सेकंदाला जेमतेम एक मीटर उरला. पाठीवरचा वारा पायांना मदत करतो म्हणून सगळ्यांना तो आवडतो. त्वचेपुरते बोलायचे तर धावणारा जणू थांबलेल्या हवेच्या पिशवीत पळत असतो. वाळण्याची मर्यादा निम्म्यावर येते. कपडे आणि हातापायांची हालचाल धरून ती ६५० वॉटच्या आसपास मानू.

वारा पाठीशी आल्याने त्याने वेग वाढवला : किलोमीटरला ४ मिनिटे ४५ सेकंद. उत्पादन १०५५ वॉटवर गेले. जावक अशी : घाम वाळून ६५०, श्वासातून ८०, त्वचेवरून थेट हवेत ५० (ऊन पडत असल्याने हा वाटा किरकोळ). एकूण ७८०. शिल्लक २७५ वॉट, मिनिटाला साडेसोळा किलोज्यूल. २५० ने भागले की मिनिटाला ०.०६५ अंश.

मिनिटाला ०.०६५ कोणाला जाणवत नाही. पण साडेसहा किलोमीटर म्हणजे ३१ मिनिटे, आणि ३१ मिनिटांत दोन अंश. ३९.२ अधिक २.

आता वेग बदलून हाच हिशेब करा. किलोमीटरला सहा मिनिटे धरली तर उत्पादन ८३६ वॉट, शिल्लक ५६, आणि तेवढेच अंतर ३९ मिनिटांत कापताना तापमान अर्ध्या अंशाने वाढते. ३९.७ वर माणूस थकतो, कोसळत नाही. सगळा फरक किलोमीटरमागे सव्वा मिनिटाचा. घाम आणि रक्तवाहिन्या जिथे संपतात तिथे शरीराकडे तिसरे साधन उरते, आणि ते सर्वांत ताकदवान आहे : वागणूक. सावली शोधणे, थांबणे, हळू होणे. मेंदू उष्णता साठताना स्वतःहून वेग कमी करायला लावतो. पाय जड वाटतात, मन नको म्हणते. स्पर्धा, ठरवलेली वेळ आणि शेजारचा धावपटू मिळून तो आवाज दाबतात. आमच्या मते या प्रकरणात निर्णायक चूक एकच आहे, आणि ती बाराव्या किलोमीटरला मनगटी घड्याळाकडे बघून झाली.

त्याच सुमारास त्याने डोक्यावर दोन पेले पाणी ओतले. बरे वाटले. कपाळावरच्या गार ओळखणाऱ्या तंतूंनी मेंदूला चांगली बातमी दिली, आतला गाभा होता तिथेच राहिला. अंग आधीच पूर्ण ओले असताना आणि हवा कमाल मर्यादेपर्यंत बाष्प घेत असताना आणखी पाणी ओतून बाष्पीभवन वाढत नाही. ते फक्त खाली वाहते. पाणी बर्फाचे असते तर थोडी उष्णता तरी उचलली गेली असती. कोमट पाण्याने मिळाला तो दिलासा, आणि तो दिलासा वेग टिकवायला उपयोगी पडला, हे आणखी वाईट.

पिण्याच्या पाण्याचेही तसेच. ८६ मिनिटांत दोन लिटर घाम, प्यालेले पाणी अर्धा लिटर. तूट दीड लिटर, वजनाच्या दोन टक्के. दर टक्क्यामागे गाभ्याचे तापमान साधारण ०.१ ते ०.२ अंशांनी वाढते, म्हणजे तुटीचा वाटा जास्तीत जास्त ०.४. पाणी प्यायला हवे होते, पण ‘पाणी कमी पडल्याने उष्माघात झाला’ हे निदान इथे बसत नाही. अतिरेकी पाणी पिऊन रक्तातले सोडियम पाडून घेणारेही शर्यतीत भेटतात आणि तेही असेच गोंधळलेले दिसतात.

कोसळणे आणि कपाळावरचा ३७.९

सतराव्या किलोमीटरनंतर पाहणाऱ्यांना तो झोकांड्या खाताना दिसला. स्वयंसेवकाने थांबवले तेव्हा तो चिडला, मग कोणत्या किलोमीटरवर आहे ते सांगता येईना, आणि तीनशे पावलांत खाली बसला व आडवा झाला. अंग घामाने चिंब. इथे पहिला सापळा. उष्माघातात कातडी कोरडी आणि तापलेली असते, असे शिकवले जाते. ते उन्हाळ्याच्या लाटेत घरात बसलेल्या वृद्धांमध्ये बऱ्याचदा खरे ठरते. धावताना येणाऱ्या उष्माघातात घाम बहुधा चालूच असतो.

दुसरा सापळा तापमापकाचा. कपाळासमोर धरायच्या उपकरणाने ३७.९ दाखवले. ओल्या, वारा लागलेल्या कपाळाचे तापमान त्याने बरोबर मोजले असेल. प्रश्न कपाळाचा नव्हता. काख, तोंड, कान, कपाळ, यांपैकी कोणतीही जागा धावणे थांबल्यावर गाभ्याबद्दल भरवशाचे सांगत नाही, आणि फरक दोन-तीन अंशांचाही पडतो. ३७.९ वर विसंबून त्याला सावलीत झोपवले, पाय उंच केले, क्षारसंजीवनी पुढे केली. साध्या उष्णताजन्य थकव्यात हे बरोबर आहे. माणूस गोंधळलेला असेल तर थकव्याचे निदान तिथेच बाद होते. शिवाय अर्धवट शुद्धीतल्याच्या तोंडात काही घालणे धोक्याचे.

वैद्यकीय पथक चौथ्या मिनिटाला पोचले. लवचीक तापमापकाची तार गुदाशयात १० ते १५ सेंटीमीटर आत सरकवून घेतलेले वाचन ४१.३. नाडी मिनिटाला १६८, रक्तदाब ८८/५०, श्वास ३४. बोटाच्या रक्तातली साखर ११८ मिलिग्रॅम, हातातल्या यंत्रावर सोडियम १३८. साखर आणि सोडियम ठीक असल्याने गोंधळाची ती दोन कारणे निकालात निघाली. ४० अंशांहून जास्त गाभा आणि बिघडलेली शुद्ध, दोन्ही एकत्र म्हणजे उष्माघात. यापुढे तपासण्या नाहीत.

तेरा मिनिटे

आधी थंड करा, मग हलवा. रुग्णवाहिका उभी असताना रुग्ण तंबूतच ठेवणे नातेवाइकांना विचित्र वाटते, पण पेशींचे नुकसान किती होईल हे सर्वोच्च आकड्याइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, ४० च्या वर घालवलेल्या वेळेवर ठरते. कोसळल्यापासून अर्ध्या तासात ३९ च्या आसपास आणायचे, हे लक्ष्य.

टबात १८० लिटर पाणी आणि भरपूर बर्फ, पाणी ८ ते १० अंश. बूट आणि शर्ट काढून त्याला छातीपर्यंत बुडवले. दोन्ही काखांखालून घडी केलेली चादर पाठीमागे ओढून एकाने धरली, म्हणजे डोके पाण्याखाली जाणार नाही. दुसरा पाणी सतत ढवळत राहिला. हे ढवळणे लोक विसरतात. न हलवलेल्या पाण्यात अंगाभोवती कोमट थर साचतो आणि थंड होण्याचा वेग पडतो. डोक्यावर बर्फाच्या पाण्यात भिजवलेला टॉवेल, दर दोन मिनिटांनी बदललेला. तापमापकाची तार आतच.

वाचने : सुरुवातीला ४१.३, पाचव्या मिनिटाला ४०.६, दहाव्याला ३९.५, तेराव्याला ३८.९. तिथे बाहेर काढले. ३९ च्या खाली टबात ठेवत राहिल्यास पुढे तापमान गरजेपेक्षा घसरते, कारण बाहेर काढल्यावरही गार झालेल्या थरांमुळे गाभा उतरत राहतो. याचे पंधरा मिनिटांनी ३७.८ झाले. नवव्या मिनिटाला त्याने शिव्या दिल्या, अकराव्याला आपले नाव आणि शर्यतीचे अंतर बरोबर सांगितले. शिव्या हे त्या तंबूत शुभचिन्ह मानतात.

थंड पाण्याने त्वचेच्या वाहिन्या आकसतील, हुडहुडी भरेल आणि उलट उष्णता आत कोंडेल, हा आक्षेप जुना आहे. वाहिन्या काही प्रमाणात आकसतात हे खरे. पण पाणी हवेपेक्षा वीसपटीहून जास्त उष्णता वाहते, आणि ४१ अंशांच्या गाभ्यापुढे ९ अंशांचे पाणी हा उतारच इतका तीव्र आहे की आकसलेल्या वाहिन्यांनी तो अडत नाही. अमेरिकेतील फाल्मथच्या सात मैलांच्या शर्यतीत १८ वर्षांत अशा २७४ उष्माघातग्रस्तांवर बर्फाच्या पाण्याचा उपचार झाला. त्यातला एकही दगावला नाही. ओले टॉवेल, पंखा, काखेत-जांघेत बर्फाच्या पिशव्या हे सगळे टब नसेल तेव्हा करावे. त्यांचा वेग टबाच्या निम्म्यालाही क्वचितच पोचतो.

या तेरा मिनिटांत शरीरातून काढलेली उष्णता २.४ गुणिले २५०, म्हणजे ६०० किलोज्यूल. बर्फ वितळायला किलोला ३३४ लागतात. एका माणसाचा जीव पावणेदोन-दोन किलो बर्फ वितळण्याइतक्या उष्णतेवर अडला होता. बाकीचा ढीग पाणी आधी गार करायला आणि वेग टिकवायला.

पॅरासिटामॉल दिले नाही, आणि ते बरोबर होते. तापात जंतुसंसर्गामुळे हायपोथॅलॅमसमध्ये प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार होते आणि मेंदू आपले ठरलेले लक्ष्यच ३९ वर नेऊन ठेवतो. म्हणून ताप चढताना थंडी वाजते, माणूस पांघरूण मागतो. औषध प्रोस्टाग्लँडिन रोखते आणि लक्ष्य पुन्हा ३७ वर येते. उष्माघातात लक्ष्य ३७ वरच असते. ते खाली आणण्यासारखे काही नसते, आणि तापून आधीच दुखावलेल्या यकृतावर आणखी एक ओझे पडते.

रुग्णालयातले दोन दिवस

बरे दिसणाऱ्या माणसाला दाखल का केले? आतड्यांच्या कापलेल्या रक्तपुरवठ्यामुळे. उपाशी आणि तापलेल्या आतड्याचे अस्तर सैल होते, आतल्या जंतूंची विषे रक्तात झिरपतात आणि अंगभर दाह पेटतो. रक्त गोठण्याची यंत्रणा विस्कटू शकते. स्नायूंच्या पेशी फुटून मूत्रपिंडे तुंबू शकतात. हे सगळे काही तासांनी ते दोन-तीन दिवसांनी दिसते, तापमान उतरल्यावर.

त्याचे क्रिएटिन कायनेज (फुटलेल्या स्नायूंतून रक्तात येणारे विकर) सहा तासांनी १,९०० आणि चोवीस तासांनी ६,४०० होते, मग उतरले. मूत्रपिंडांच्या कामाचा माग देणारे क्रिएटिनिन १.६ वरून १.१. यकृताचे एएलटी हे विकर दुसऱ्या दिवशी १९० ला टेकले. यकृताचा आकडा उशिरा चढतो, म्हणून पहिल्या दिवशीचा चांगला अहवाल पाहून घरी सोडू नये. सलाइन लघवीच्या मापावर दिले. चालताना तोल दोनदा तपासला : लहान मेंदूतल्या पर्किन्जे पेशी उष्णतेला फार हळव्या असतात, आणि ज्यांच्यात नुकसान उरते त्यांच्यात ते बहुधा चालण्या-बोलण्यात दिसते. याच्यात काही आढळले नाही.

पुन्हा धावणे

किमान सात दिवस व्यायाम बंद. आठवड्याने रक्ताच्या तपासण्या; एएलटी आणि क्रिएटिन कायनेज पूर्ववत होईपर्यंत चालण्यापलीकडे काही नाही. त्यानंतर थंड हवेत हलके धावणे, आणि ते जमले की उष्णतेची सवय : दहा ते चौदा दिवस, रोज एक ते दीड तास, वेग हळूहळू वाढवत. या सवयीने रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातले मीठ घटते. द्रव वाढल्याने त्वचा आणि स्नायू यांच्यातली रक्ताची ओढाताण सैल होते, आतड्यांचा वाटा कमी कापला जातो. हवेने घातलेली कमाल मर्यादा मात्र कोणत्याही सरावाने वाढत नाही. मागून वारा असलेल्या दमट सकाळी सरावलेल्या माणसालाही वेगच कमी करावा लागतो.

महिनाभरात उष्णतेत धावणे जमत नसेल, किंवा थोड्याच श्रमात तापमान चढत असेल, तर सहनशीलतेची चाचणी घ्यावी. ४० अंश आणि ४० टक्के आर्द्रतेच्या खोलीत, दोन टक्के चढावर, ताशी पाच किलोमीटरने दोन तास चालणे; गुदाशयातले तापमान ३८.५ च्या आणि नाडी १५० च्या आत राहून सपाट झाली तर उत्तीर्ण. या धावपटूने ती सातव्या आठवड्यात दिली : शेवटच्या तासात ३८.१ आणि १३२, दोन्ही रेषा आडव्या. चाचणीच्या आदल्या आठवड्यात सर्दीची कोणतीही गोळी न घेण्याची अट होती, आणि पुढच्या शर्यतीसाठी घड्याळावर वेगाऐवजी नाडीचा गजर लावून दिला.